मंग काबर?

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो, तेव्हा माझी दाढी २२ दिवसांची होती. आकडा इतका नेमका ध्यानात राहिला, कारण पहिल्या महिन्यात दाढी राखणारा माणूस कैद्यासारखे दिवस मोजत असतो. एरंडोल तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर पितरांची घागर भरून झाली होती, तिच्यावर डांगर ठेवलेले होते, आतून सांजोऱ्या तळल्याचा वास येत होता आणि गल्लीच्या टोकाला निंबाच्या फांदीला बांधलेला झोका करकरत होता. वडिलांची चुलती, जिला सगळी गल्ली जिजी म्हणते, खांबाला टेकून बसली होती. मी पाया पडलो. नेहमीप्रमाणे तिचा हात माझ्या हनुवटीकडे आला आणि वाटेतच थांबला. तिने डोळे बारीक करून माझ्या गालांकडे पाहिले, मग घागरीकडे पाहिले, आणि आवाज अगदी खाली आणून विचारले, "कोन गयं रे भाऊ?"

मला हसू आले, पण तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखे काही नव्हते. आमच्या घरातले कोणी गेले असते तर तिला कळलेच असते, तेव्हा माझ्या सासरवाडीकडचे कोणी असावे, असा तिचा तर्क चालला होता. "कोणी नाही, जिजी. सगळे बरे आहेत," मी म्हणालो. तिने सुटकेचा श्वास सोडला, पदराने तोंड पुसले, पुन्हा एकदा माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "मंग काबर?"

इतक्यात जेवणाची हाक आली आणि मी उत्तर देण्यावाचून सुटलो.

पुढचे साडेतीन महिने मात्र ते दोन शब्द आरशापाशी उभे राहिले. विचार करू लागलो, तसे लक्षात आले की या बाबतीत आपली भाषासुद्धा जिजीच्याच बाजूची आहे. मराठीत स्वयंपाक करणे म्हणजे स्वयंपाक तयार करणे, घर करणे म्हणजे घर उभे करणे. पण दाढी करणे म्हणजे असलेली दाढी नाहीशी करणे. काम म्हणून मोजले जाते ते काढण्याचे. वाढण्यासाठी कोणी काही करायचे नसते, ती बांधावरच्या गवतासारखी आपली आपण वाढते, आणि ज्याने ती वाढू दिली त्याला काहीतरी झालेले असते. एक 'राखणे' हा शब्द तेवढा निराळा आहे. तो शेतातला शब्द आहे. पीक राखतात, रान राखतात, आणि राखणदाराला रात्री झोप नसते. दाढी राखणे हा शब्दप्रयोग ज्याने पहिल्यांदा केला असेल, त्याने ती स्वतः राखली असणार, याविषयी मला आता शंका उरलेली नाही.

माझे वडील कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होते. सकाळचा भोंगा होण्याच्या आत त्यांची दाढी झालेली असे, आणि हा नेम त्यांनी रविवारीही मोडला नाही. अंगणातल्या भिंतीला ठोकलेल्या खिळ्यावर आरसा, खाली स्टुलावर गरम पाण्याची पितळी वाटी, साबणाची गोल वडी, केस झडलेला ब्रश आणि शेवटी गालावरून फिरवायचा तुरटीचा खडा, एवढा त्यांचा संसार. पात्याचा तो खर्र खर्र आवाज आणि ओल्या तुरटीचा किंचित आंबूस वास आजही माझ्यासाठी सकाळ या गोष्टीचाच भाग आहे. वापरलेली पाती आई शिवण उसवायला ठेवून घेई, आणि त्या पात्यांनी पेन्सिलीला टोक काढताना आम्हां भावंडांची बोटे हमखास कापत. वडील म्हणत, वाढलेल्या दाढीने दारात उभा राहिलेला माणूस हिशेब मागायला आलेला नसतो, उसने मागायला आलेला असतो. गुळगुळीत गाल ही त्यांच्या दृष्टीने पत होती. शनिवारी आणि अमावास्येला वस्तरा लावू नये, हे आजीचे म्हणणेही ते मानत नसत. त्यांच्या आयुष्यात दाढी वाढली ती दोनदाच, आजोबा गेले तेव्हा आणि आजी गेली तेव्हा. दोन्ही वेळा दहाव्याला नदीकाठी ती उतरली.

म्हणजे गावाला दाढी ठाऊक नव्हती असे नाही. प्रत्येक दाढीमागे कारण असे, आणि ते सगळ्यांना माहीत असे. कोणाचा नवस असे, कोणी खाटेवर पडलेला असे, कोणी घर सोडून निघालेला असे. आमच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर विनोबांचे चित्र होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी रविवारच्या रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, ही गोष्ट शाळेतले गुरुजी आम्हांला दर वर्षी सांगत, आणि मी दर वर्षी त्या चित्रातली पांढरी, मोकळी, वाऱ्यावर सोडलेली दाढी पाहत बसे. तिला कोणी काबर विचारले नसते. ज्याने सगळेच सोडले, त्याने वस्तराही सोडला, इतका तो सरळ हिशेब होता. माझी अडचण अशी की मी काहीही सोडलेले नाही. मी जळगावात नोकरी करतो, घराचे हप्ते भरतो आणि दर १२ दिवसांनी सलूनच्या खुर्चीत बसून ही दाढी नीट दिसते ना, याची खात्री करून घेतो.

सुरुवात तर अगदीच रुक्ष कारणाने झाली. मार्चच्या अखेरीस मानेवर बारीक लाल पुळ्या उठल्या आणि घामाने चुरचुरू लागल्या. त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिले आणि समजावून सांगितले, की कातडीलगत तासलेल्या केसाला भाल्यासारखे टोक येते, केस वळणदार असला की तो बाहेर येता येता वाकून पुन्हा कातडीतच शिरतो, आणि शरीर त्याच्याशी रुतलेल्या काट्यासारखे वागते. तीन-चार आठवडे पाते लावू नका, एवढाच उपाय. महिन्याभरात पुळ्या गेल्या. त्या दिवशी दाढी करायला काहीच हरकत नव्हती. पाणी तापवले, ब्रश भिजवला, आरशासमोर उभा राहिलो आणि ब्रश तसाच धुऊन ठेवून दिला.

खरे सांगायचे तर तोपर्यंतचे दिवस फारसे सुखाचे गेले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात जी खाज सुटते, तिचे वर्णन कपाशीच्या गाडीवर उघड्या अंगाने झोपलेला माणूसच करू शकेल. त्यात एप्रिलचे जळगाव, पारा ४३-४४ अंशांवर, आणि परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षण करताना मागच्या बाकांवरून येणारे दबके हसू. सहकाऱ्यांपैकी एकाने प्रकृतीची चौकशी केली, दुसऱ्याने घरी काही वाद झाला का म्हणून. केस दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. त्याहून घाई त्यांना कोणी करू शकत नाही. माझ्या डाव्या गालावर, हाडाच्या खाली, पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा विरळ आहे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी प्रथमच कळले. त्यावर कांदा चोळा, एरंडेल लावा, दोन वेळा वस्तरा फिरवून घ्या म्हणजे दाट येईल, असे सल्ले मिळाले. वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत, हे मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच मोजमाप करून दाखवले आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला जाड लागतो, इतकेच. कोणत्या गालाला किती केस द्यायचे, हे बाप-आजांकडून आलेले असते, आणि बापाची दाढी तर मी दहा दिवसांपलीकडे कधी पाहिलीच नव्हती. ती विरळ जागा त्यांच्याही गालावर असेल का, हा प्रश्न मला ज्या रात्री पडला, त्या रात्री झोप उशिरा लागली.

मग मी ती का राहू दिली, याचे एक उत्तर मी जिजीला मनातल्या मनात अनेकदा दिले आहे. या वयात आरशात जे जे नवे दिसते, ते वजाबाकीचे असते. कपाळावरून केस मागे सरकतात, दाढ जाते, डोळ्यांवर दुसरा चष्मा चढतो. अशा वेळी त्याच चेहऱ्यावर एखादी गोष्ट रोज थोडी थोडी वाढताना पाहावी, यात एक लाजिरवाणा आनंद आहे. लाजिरवाणा अशासाठी, की नटण्यामुरडण्याची ही हौस आपल्यात होती आणि ती पुळ्यांच्या निमित्ताची वाट पाहत दबून बसली होती, हे कबूल करावे लागते.

आणि मग मी ती स्वतःच्या हाताने बिघडवली.

मे महिन्यात पाचोऱ्याला एक लग्न होते. आदल्या रात्री दहा वाजता मी ट्रिमर घेऊन न्हाणीघरात शिरलो आणि दाढीची खालची कड जबड्याच्या हाडावरून आखली. मान वर करून पाहिले तर रेघ सुबक दिसत होती. मान सरळ केली आणि त्या रेघेखालून उघड्या कातडीची एक वळकटी बाहेर आली. हनुवटीखाली दुसरी हनुवटी अवतरली. उजवी बाजू थोडी वर गेली होती म्हणून डावी वर घेतली, मग उजवी पुन्हा, असे दोन मांजरांचे लोणी वाटणाऱ्या माकडासारखे करत मी अर्ध्या तासात चेहऱ्याभोवती काळी नाडी बांधल्यासारखी अवस्था करून ठेवली. लग्नात पंगतीला माझ्यासमोर बसलेल्या एका लहान मुलाने आईला काहीतरी विचारले आणि आईने त्याला चापट मारली. काय विचारले असेल, ते मला ऐकू न येताही समजले.

बसस्थानकामागच्या सलूनमध्ये गेलो, तेव्हा कारागिराने माझी हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. वैद्यापेक्षा न्हाव्याचे मौन जास्त भीतिदायक असते. शेवटी म्हणाला, "सर, गळ्याची घाटी आहे ना, तिच्यावर दोन बोटं आडवी ठेवा. तिथून दोन्ही कानांच्या मागपर्यंत वाटीसारखी गोलाई. खालचं सगळं साफ, वरचं सगळं आपलं." जबड्याखालचा तो केसांचा पट्टा समोरून दिसत नाही, पण त्याचीच सावली चेहऱ्याला धार देते, हे त्याने मला कंगव्याच्या टोकाने दाखवून दिले. गालावरची कड तर आखायचीच नाही, ती जिथे आहे तिथेच शोभते. वर उडालेले चार सुटे केस तेवढे काढायचे. बिघडलेले भरून यायला तीन आठवडे लागतील, तोवर सलूनमध्येसुद्धा यायचे नाही, असे बजावून त्याने त्या दिवशी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

तीन आठवड्यांनी आकार ठरवण्याचा समारंभ झाला. त्याने मोबाइलवर चित्रे काढून समोर धरली. त्यात एक गॅरिबाल्डी होती, खाली रुंद आणि गोल, पोतडीसारखी. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या सेनानीचे, १८०७ ते १८८२ या काळातल्या माणसाचे नाव जळगावच्या खुर्चीवर बसून ऐकताना मला मौज वाटली. दुसरी त्याच देशातल्या व्हर्डी या संगीतकाराच्या नावाची, आखूड आणि गोल, मिशा मात्र वेगळ्या वळवलेल्या. तिसरी बदकाच्या शेपटीसारखी टोकदार. शेजारच्या खुर्चीवरचा विशीतला मुलगा महाराजांसारखी दाढी कोरून घेत होता आणि ती त्याला शोभतही होती. पण ती दाढी ज्याने ठेवायची त्याने खांदेही तसे ठेवावेत, असे माझे मत आहे, आणि माझे खांदे उत्तरपत्रिका तपासून गोल झालेले आहेत. कारागिराने निर्णय माझ्यावर सोडला नाही, हे त्याचे उपकार. माझा चेहरा गोल, म्हणून बाजू आखूड आणि हनुवटीवर लांबी. बाजूंना ९ मिलिमीटर, खाली २० पर्यंत, आणि मधले अंतर कंगवा-कात्रीने असे उतरवायचे की पायरी दिसता कामा नये. मानेची कड काढण्याआधी त्याने पाते माझ्यासमोर कागदातून काढून मधोमध मोडले आणि अर्धे वस्तऱ्यात बसवले. ती कट् अशी मोड ऐकली आणि उगाचच अंगणातला आरसा डोळ्यांसमोर आला.

बाकीचे शिक्षण मला आमच्या गल्लीतल्या वह्या बांधणाऱ्या चाचांकडून मिळाले. त्यांची दाढी ३० वर्षांची आहे आणि तिचे माप एक मूठ. मुठीत धरून जेवढी बाहेर उरेल तेवढीच कात्री, यापलीकडे त्यांना ना मिलिमीटर ठाऊक ना गॅरिबाल्डी. तेल केसांना लावायचे नसते, केसांखालच्या कातडीला लावायचे असते. कंगवा आधी खालून वर आणि मग वरून खाली. ओल्या दाढीला कात्री लावू नये, कारण ती सुकली की आखडते. या तीन गोष्टी त्यांनी खळ लावलेल्या बोटांनी हवेत करून दाखवल्या. त्यांच्याशी हे बोलणे सुरू झाल्यानंतरच मला आणखी एक गोष्ट दिसू लागली. भुसावळच्या गाडीत एकाने मला "चाचा, किधर उतरना है?" असे विचारून आपुलकीने जागा करून दिली. दुसऱ्या एका ठिकाणी, दारावर, माझ्याच पिशवीत दोनदा हात घालून पाहिले गेले आणि मी नाव सांगताच तो हात चटकन बाहेर आला. दोन्ही वेळा मी तोच होतो, दाढीही तीच होती. नाव सांगितले की सुटका होणारे माझ्यासारखे आणि नाव सांगितले की आणखी अडकणारे चाचांसारखे, असा विचार करत मी त्या दिवशी पायीच घरी आलो. चाचांना हे मी सांगितलेले नाही. त्यांना ते ठाऊक नसेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही.

राखणीचा रोजचा भाग सांगण्यासारखा कमी आणि करण्यासारखा जास्त आहे. आमच्या कॉलनीत बोअरचे पाणी आहे आणि ते इतके जड आहे, की साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरा साका होतो. पहिला महिना तो साका दाढीच्या मुळाशी बसून कोंड्यासारखा झडत होता आणि मी त्याला रोग समजत होतो. आता आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे, ही उधळपट्टी मी बायकोची नजर चुकवून करतो. तेल म्हणाल, तर बाजारात जोजोबापासून सगळे मिळते, पण मी घरातल्या खोबरेलावर आलो. ते २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणजे थंडीत त्याचे काय करायचे ते पुढे पाहू. मे महिन्यात ते पाण्यासारखे वाहून कॉलर मात्र खराब करते. चार थेंब पुरतात. पाचवा थेंब शर्टाचा.

खरी परीक्षा जेवणाची. खान्देशात राहून दाढी राखणाऱ्याने शेवभाजीशी काय करार करावा, हे कोणत्याही केशकर्तनालयात शिकवत नाहीत. लाल तर्री मिशांच्या कडेला धरून ठेवते, काळ्या मसाल्याचा वास दुपारपर्यंत नाकाखाली राहतो, आणि वर्गात फळ्याकडे वळलो की मला स्वतःलाच भूक लागते. भरिताचे त्याहून वाईट, कारण वांग्याचा भाजका तंतू कुठे अडकला ते जेवणाऱ्याला कधीच कळत नाही आणि सांगणाऱ्याला संकोच होतो. आता ओठांवर येणाऱ्या मिशा मी दर रविवारी छोट्या कात्रीने ओठाच्या रेघेवर कापतो. वडील रविवारीही दाढी करत, तो आरसा आता माझ्याकडे आहे. पारा उडालेला, डाव्या कोपऱ्यात काळा पडलेला. त्यातच पाहून कापतो, आणि हनुवटीवरचे पांढरे केस मोजत नाही. कारागिराने काळी करून देऊ का म्हणून विचारले होते. काळ्या कलपाने पुळ्या येतात त्यांतला मी असणारच, या खात्रीने नको म्हटले. हे अर्धे कारण. उरलेले अर्धे असे, की लपवायचेच असते तर काढून टाकणे काय वाईट होते.

श्रावणात कानबाईच्या सणाला पुन्हा गावी गेलो. रोटांच्या पुरणाचा दरवळ उंबऱ्यापासूनच येत होता, पाऊस नुकताच थांबला होता आणि ओसरीच्या पत्र्यावरून थेंब ठिबकत होते. जिजी त्याच खांबाला टेकून होती, नजर मात्र आखाजीहून मंद झालेली. येताना गाडीत मी उत्तर तयार केले होते. पुळ्यांपासून सुरुवात करायची की हौसेपासून, इतकेच ठरायचे राहिले होते. पाया पडून वर आलो तसा तिचा हात माझ्या हनुवटीकडे आला. या वेळी तो थांबला नाही. बोटे दाढीत शिरली, हनुवटी शोधत थोडी इकडेतिकडे फिरली, सापडली तेव्हा तिने ती लहानपणी धरायची तशी चिमटीत धरली आणि बोटे स्वतःच्या ओठांना लावली. मग ती बोटे तिने नाकाशी नेऊन हुंगली.

"तेल लावस का रे?"

"लावतो, जिजी."

"कोनतं?"

"खोबऱ्याचं."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि पदराला बोटे पुसत आत हाक मारून विचारू लागली, की पाहुण्याला पाणी दिले की नाही.